लडीत खुलणारा रंग कॅनव्हासवर मरतो, तेव्हा

"लड्या हातात घेतल्या तेव्हा रंग काय सुंदर दिसत होते! भरून झाल्यावर मात्र सगळं गढूळ. उठावच नाही." कॅनव्हासवर भरतकाम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची कधी ना कधी ही तक्रार असते, मॅटीवर क्रॉस स्टिच करणाऱ्यांचीही असते. सोबत उशीच्या अभ्र्याचा नाहीतर फ्रेमसाठी भरलेल्या चौकोनाचा फोटो येतो, आणि खाली दोन ठरलेले प्रश्न: दोरा हलका निघाला का? सगळं उसवू का?

बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच असतं. दोरा चांगला असतो, हातही चांगला असतो, टाके एकसारखे असतात. बिघडलेली असते ती रंगांची आपसातली सोयरीक. बहुतेकदा एक किंवा दोन रंग बदलले की बाकीचे जागच्या जागी सुधारतात. तेव्हा कात्री हातात घेण्याआधी नेमका कुठला रंग घात करतोय ते शोधू या. ज्या क्रमाने मी तपासते, त्याच क्रमाने सांगते. पहिली तपासणी सगळ्यांत महत्त्वाची आहे. निम्म्याहून जास्त तक्रारींचा निकाल तिथेच लागतो.

आधी रंग काढून टाका

रंगांच्या तक्रारीत सर्वांत आधी रंग बाजूला ठेवायचे. भरलेल्या कामाचा फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. प्रत्येक फोनच्या फोटो एडिटरमध्ये ती सोय असते. आता पोपट दिसतो का? पानं दिसतात का? फुलाची पाकळी देठापासून वेगळी कळते का? जे करड्या फोटोत एकमेकांत मिसळलं, ते रंगीत कामातही दोन-तीन हातांवरून मिसळणारच.

आपण दोरे निवडताना 'लाल की हिरवा, निळा की जांभळा' असा विचार करतो. डोळा मात्र आकार ओळखतो तो मुख्यतः उजळ-गडद फरकावरून. लाल आणि हिरवा हे शेजारी ठेवले की किती वेगळे वाटतात! पण चटक लाल आणि भर हिरवा करड्या फोटोत जवळपास एकसारखे येतात. म्हणूनच हिरव्या पानांतली लाल फुलं जवळून झगमगतात आणि सोफ्यावर ठेवली की एक तपकिरी डाग होतात.

आमच्या भरतकामाच्या गटातल्या एका काकूंचं काम हे याचं अगदी ठळक उदाहरण. पैठणीच्या काठावर असते तशी मुनियांची, म्हणजे पोपटांची, जोडी, भोवती आसावलीसारखी वेल, पार्श्वभूमी राणी रंगाची. बारा इंची उशी, १८ काउंटचा (इंचाला १८ टाके बसणारा) कॅनव्हास, सुती दोरा. मुनिया अँकर कंपनीच्या २२६ नंबरच्या हिरव्या दोऱ्यात, पानं २२७ मध्ये. दोन्ही लड्या एकापुढे एक धरल्या तर वेगळ्या दिसतात, यात शंका नाही. कृष्णधवल फोटोत मात्र पक्षी, पानं आणि राणी पार्श्वभूमी हे तिन्ही एकाच करड्या रंगाचे. लाल चोचीही त्यातच विरलेल्या. उरला तो फक्त डोळ्यांचा काळा ठिपका.

काकूंचा पहिला विचार पार्श्वभूमी बदलायचा होता. म्हणजे उशीचा निम्म्याहून जास्त भाग उसवायचा! त्याऐवजी आधी पानं उसवली, कारण सगळ्यांत कमी टाके त्यांचेच होते. त्या जागी २२७ ऐवजी ९२३ हा गडद हिरवा आला. एवढ्यानेच मुनिया पानांपासून सुटल्या, पण राणी रंगात अजून रुतलेल्या होत्या. मग त्यांच्या छातीवरचे आणि डोक्यावरचे टाके काढून तिथे २३८ हा उजळ, किंचित पिवळसर पोपटी घातला. पाठ आणि शेपूट २२६ चीच ठेवली. पंखाच्या घडीवर ९२३ ची एकपदरी रेघ. "अगं, पण पोपट हिरवाच हवा ना," असं त्या मध्येच म्हणाल्या होत्या. हिरवाच राहिला की, फक्त पार्श्वभूमीपेक्षा उजळ झाला. आता पानं पार्श्वभूमीहून गडद, पक्षी तिच्याहून उजळ आणि राणी मधोमध. चोच आता उजळ डोक्याला लागून आल्यामुळे आपोआप लाल दिसू लागली. तिला कोणी हातही लावला नव्हता.

तेव्हा नवं काम निवडताना लड्यांचे तीन ढीग करा: गडद, मधला, उजळ. एखादा ढीग रिकामा राहिला तर दुकानात परत जा. बाजारात हौसेने घेतलेल्या लड्यांत मधला ढीग नेहमी फुगलेला असतो, कारण मधल्या छटाच हातात सर्वांत गोड दिसतात. अगदी गडद तपकिरी, शेवाळी, गडद जांभळा किंवा फिकट मोतिया, बदामी, पिस्ता या छटा कोणी उत्साहाने उचलत नाही. काम मात्र त्याच तोलून धरतात.

ही चाचणी दोरे विकत घेतानाही करता येते. सगळ्या लड्या खाकी किंवा करड्या पुठ्ठ्यावर एका रांगेत ठेवा आणि एकाच फोटोत घ्या. वेगवेगळे फोटो काढले तर फोन प्रत्येक फोटोचा उजेड स्वतःच्या मनाने कमी-जास्त करतो आणि तुलना फसते. पांढऱ्याशुभ्र कागदावरही नको, सगळेच रंग गडद वाटतात. फोन नको असेल तर डोळे किलकिले करून बघा. आपल्या आज्यांना एवढं पुरत असे.

शेजारचे नंबर एकमेकांना खातात

छटा उतरवताना, म्हणजे पाकळी आतून बाहेर गडदपासून फिकट करत नेताना, शेड कार्डावरचे लागोपाठचे नंबर घेण्याचा मोह होतो. कार्डावर ती उतरंड फार देखणी दिसते. पण १८ काउंटवर एका चौरस इंचात ३२४ टाके बसतात, १४ काउंटवर १९६. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून हे टाके सुटे दिसत नाहीत, डोळा ते मिसळून टाकतो. लागोपाठच्या तीन छटा मिसळून एकच होते आणि तीन लड्यांचे पैसे वाया जातात. मधला नंबर सोडून पुढचा घ्या. चष्म्याचं घर किंवा बुकमार्क असं हातात धरून बघायचं काम असेल तर जवळच्या छटा चालतात. उशी, भिंतीवरची चौकट, पाटावरचं आसन यांना मोठी पायरीच हवी.

याच कारणाने सुटे सुटे, एकेका टाक्याचे ठिपके टाळा. हिरव्यात विखुरलेले एक-एक लाल टाके लांबून लाल दिसत नाहीत, हिरव्याला मातकट करतात. लाल हवाच असेल तर निदान चार-पाच टाक्यांचा पुंजका करा.

फोनवरच्या अ‍ॅपने फोटोवरून तयार केलेल्या चार्टचा घोटाळा इथलाच. नातवाचा फोटो दिला की अ‍ॅप साठ-सत्तर छटांचा चार्ट काढून देतं, गालावर वीस रंगांचे विखुरलेले टाके. अ‍ॅपला फक्त पडद्यावरच्या ठिपक्याला आकड्यांनी सर्वांत जवळचा दोरा शोधायचा असतो, शेजारचा टाका काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सेटिंगमध्ये रंगांची संख्या २० च्या आसपास आणा आणि एकट्या पडलेल्या टाक्यांना शेजारच्या रंगात घ्या. चेहरा बिघडत नाही, उलट ओळखू येतो.

रंग बरोबर, शेजारी चुकीचा

आता ज्यांचा कृष्णधवल फोटो ठीक आला, तरीही रंग विचित्र दिसतात, त्यांच्यासाठी. "बदामी घेतला होता, भरल्यावर हिरवट दिसतोय." "करडा घेतला तो गुलाबीसर झाला." "काळा काळाच वाटत नाही."

ही तक्रार दोनशे वर्षं जुनी आहे आणि ती थेट पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यातली आहे. राजेरजवाड्यांसाठी चित्रविणीचे पडदे तिथे विणले जात. १८२४ मध्ये मिशेल यूजीन शेव्हरूल नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला. विणकरांची तक्रार होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी दिलेला काळा दोरा फिका पडतो, त्यात जोर नाही. शेव्हरूलने इतर ठिकाणचा काळा मागवून ताडून पाहिला. रंगाईत काहीच खोट नव्हती. दोष काळ्याच्या शेजारी असलेल्या निळ्या-जांभळ्याचा होता. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो. निळ्याची विरुद्ध झाक नारिंगी, म्हणून त्याच्याशेजारी काळा तपकिरी आणि थकलेला वाटतो. यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढे चित्रकारांनीही तो उचलून धरला. पण सुरुवात झाली ती दोऱ्याच्या तक्रारीपासून, हे आपण भरतकाम करणाऱ्यांनी जरा अभिमानाने लक्षात ठेवायला हरकत नाही.

हे कळलं की वरच्या तिन्ही तक्रारी उलगडतात. लाल किंवा राणी फुलांभोवतीचा बदामी हिरवट दिसणारच, कारण लालची विरुद्ध झाक हिरवी. हिरव्या पानांभोवतीचा करडा गुलाबीकडे झुकणारच. उपाय दोन. एक, पार्श्वभूमीचा दोरा उलट बाजूला ढळलेला घ्या: लाल फुलांसाठी बदामी हवा तर तो जरा पीचकडे, अबोलीकडे जाणारा निवडा, भरल्यावर तो साधा बदामी दिसेल. दोन, निळ्या-जांभळ्यातली सावली काळ्याने करूच नका, अगदी गडद जांभळ्याने किंवा गडद निळ्याने करा. ती काळ्यापेक्षा खोल वाटते.

बाह्यरेषेचाही असाच खेळ असतो. एकोणिसाव्या शतकातच विल्हेल्म फॉन बेझोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की गालिच्यातला एकच रंग बदलला तर सगळ्या गालिच्याचा रंगभाव पालटतो. त्याचा आपल्याला उपयोग असा: त्याच फुलांना काळी बारीक रेघ दिली तर आतले रंग गडद, भारी दिसतात, पांढरी किंवा मोतिया रेघ दिली तर तेच रंग उजळतात. काम अंधारलेलं वाटत असेल तर आतलं काही उसवण्याआधी काळी बाह्यरेषा काढून तिथे गडद तपकिरी किंवा त्या त्या रंगाचीच गडद छटा घालून बघा. कमीत कमी टाक्यांत जास्तीत जास्त फरक पडणारी ही दुरुस्ती आहे आणि ती सुचते मात्र सगळ्यांत शेवटी.

माझं स्पष्ट मत: पार्श्वभूमी आधी ठरवावी. आपल्याकडे बहुतेक जणी नक्षी पूर्ण करतात आणि मग 'आता मागे काय भरू' असं विचारतात. तोवर फार उशीर झालेला असतो. कसुती हे कर्नाटकातलं भरतकाम करणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही, कारण काळी चंद्रकळा आधीच समोर असते. त्या काळ्यावर काय उठेल ते बघूनच लाल, केशरी, पिवळा, पांढरा येतो. कॅनव्हासवर पार्श्वभूमी आपणच भरतो, म्हणून ती मागाहूनची गोष्ट वाटते, एवढंच. निदान नक्षीतलं पहिलं फूल भरलं की त्याच्या कडेने दोन ओळी पार्श्वभूमी भरा आणि मग पुढे जा.

उजेड कुठला होता?

"दुकानात दोन्ही हिरवे जुळत होते, घरी आणल्यावर एक निळसर निघाला." रंगाईत वापरलेली द्रव्यं वेगळी असली की दोन दोरे एका उजेडात जुळे दिसतात आणि दुसऱ्यात सावत्र. तुळशीबागेतलं दुकान असो की भुलेश्वरमधलं, आत दिव्याचाच उजेड असतो. लड्या घेऊन दारापर्यंत या आणि बाहेरच्या उजेडात धरा. दुकानदारांना याची सवय असते, कोणी वाकडं बघत नाही. थेट उन्हात मात्र नको, सावलीतला उजेड चांगला.

घरी रात्री भरत असाल तर दिवा बघा. पिवळसर वॉर्म व्हाइट दिवा साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो. त्यात लिंबू आणि मोतिया एकच दिसतात, गडद निळा काळ्यात जातो, निळा-हिरवा ओळखू येत नाही. डब्यात सुट्या पडलेल्या लडीतून चुकीचा दोरा सुईत ओवला जातो तो याच दिव्याखाली. टेबलावरच्या दिव्यात ६५०० केल्विनचा, म्हणजे कूल डे लाइट लिहिलेला बल्ब लावा. एवढ्यानेही सगळं सुटेल असं नाही, कारण काम ज्या खोलीत राहणार तिथला उजेड शेवटी खरा. दिवाणखान्यात पिवळेच दिवे असतील तर निवडलेले दोरे एकदा तिथे नेऊन ठेवा. तिन्हीसांजेला दिवे लावण्याआधीही बघा. त्या अंधुक उजेडात लाल सर्वांत आधी काळवंडतो, निळे-हिरवे तग धरतात. भर लाल पार्श्वभूमीची भिंतीवरची चौकट संध्याकाळी भोक पडल्यासारखी दिसते, ते यामुळेच.

दोष रंगाचा नाही, झाकणीचा

गडद रंग धुरकट, पिठूळ दिसत असेल तर भिंगातून बघा. टाक्यांमधून पांढरा कॅनव्हास डोकावत असतो. ते बारीक पांढरे ठिपके डोळा रंगात मिसळतो आणि गडद जांभळा राखाडी होऊन बसतो. हा रंगाचा दोष समजून लोक आणखी गडद लडी आणतात. त्याने ठिपके अधिकच उठतात.

१८ काउंटवर सहापदरी सुती दोऱ्याचे चार ते सहा पदर लागतात. १४ काउंटवर साध्या तिरप्या टाक्यात सहा पदरही अपुरे पडू शकतात, तिथे लोकर जास्त बरी. आणि नुसता अर्धा क्रॉस घालत असाल तर मागची बाजू रिकामी राहते, झाकणीही कमी मिळते. बास्केटवीव्ह पद्धतीने तिरपे टाके घातले की मागेही दोरा भरतो आणि कॅनव्हास तिरका ओढला जात नाही.

लडीतून काढलेला दोरा तसाच सुईत ओवण्याऐवजी सहाही पदर एकेक करून सुटे ओढा आणि पुन्हा एकत्र धरा. पदर फुलतात, जास्त जागा झाकतात आणि त्यांच्यावर उजेड सपाट पडतो. भरताना दोरा हळूहळू पिळला जातो, म्हणून मध्येमध्ये सुई खाली सोडून तो उलगडू द्या. पिळलेला दोरा बारीक होतो आणि त्याची चकाकी जाते. एकाच लडीतला अर्धा भाग चमकदार आणि अर्धा निस्तेज दिसत असेल तर हेच कारण, किंवा मग टाक्यांची दिशा मध्ये बदललेली असते. सुती दोऱ्याची चकाकी दिशेप्रमाणे बदलते, लोकरीला तो त्रास जवळजवळ नाही.

नव्या कामात गडद पार्श्वभूमी असेल तर कॅनव्हासच आधी रंगवून घ्या. अ‍ॅक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून सपाट ब्रशने एक हात, जाळीची भोकं बुजणार नाहीत इतपत. पूर्ण वाळू द्या. मग एखादा टाका सैल राहिला तरी मागून पांढरं दिसत नाही.

नंबर जुळवले तरी छटा तुटली

परदेशी चार्ट बहुधा डीएमसी कंपनीच्या नंबरांत असतो आणि आपल्याकडे अँकर सहज मिळतो. मग रूपांतराचा तक्ता शोधायचा. डीएमसी ३१० म्हणजे अँकर ४०३ हा काळा, ६६६ म्हणजे ४६ हा लाल, अशा एकट्या रंगांत काही बिघडत नाही. पंचाईत होते ती उतरत्या छटांत. डीएमसीचे ६९९ ते ७०४ हे हिरवे एकाच घराण्यातले, गडदकडून उजळाकडे ओळीने. नेहमीच्या तक्त्यात त्यांच्यासमोर अँकरचे ९२३, २२८, २२७, २२६, २३८ आणि २५६ येतात. आकड्यांवरूनच कळतं की ही सलग उतरंड नाही, तीन-चार घरांतून माणसं गोळा केली आहेत. मुनियेच्या छातीवर पिवळसर झोका हवा होता म्हणून २३८ तिथे चालला. पानाच्या मधोमध तो आला असता तर पान चिरल्यासारखं दिसलं असतं.

म्हणून छटांसाठी तक्ता फक्त सुरुवातीपुरता वापरा. मधला नंबर तक्त्यावरून घ्या आणि त्याच्या वरच्या-खालच्या छटा त्याच कंपनीच्या कार्डावर, त्याच रांगेत शोधा. एका पाकळीत दोन कंपन्या मिसळू नका, चकाकीही थोडी वेगळी असते.

छापील चित्र असलेला कॅनव्हास घेतला असेल तर छपाईच्या रंगाशी दोरा जुळवत बसू नका. शाई शाई आहे. छपाईत कडेला जो मधलाच धूसर रंग येतो तो कुठल्याच लडीत नसतो. तिथे तुम्हीच ठरवायचं, हा टाका फुलाचा की पानाचा.

लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या दोऱ्यांच्या घाण्याचा, प्रश्न लोकरीत जास्त भोवतो. लेबलवर छापलेला लॉट नंबर बघून पार्श्वभूमीची सगळी लोकर एकदम घ्या. किती लागेल याचा अंदाज दुकानदारावर सोडू नका. कॅनव्हासच्या कडेला एक चौरस इंच भरा आणि किती दोरा गेला ते मोजा. समजा १८ काउंटवर सुती दोऱ्याच्या सहा पदरांनी दीड मीटर गेला आणि पार्श्वभूमी ८० चौरस इंच आहे, तर १२० मीटर झाले. आठ मीटरच्या लडीने १५ लड्या, वर दोन जास्तीच्या. हा हिशेब ऐकून घेणाऱ्या बायका दचकतात खऱ्या, पण शेवटच्या कोपऱ्यासाठी गावभर एक लडी शोधत फिरण्यापेक्षा ते बरं. ती वेळ आलीच असेल आणि नवी लोकर किंचित वेगळी निघाली असेल, तर जोड सरळ रेषेत येऊ देऊ नका. जुन्या-नव्याचे पदर मिसळून चार-सहा ओळी भरा, किंवा नवा लॉट एखाद्या वेलीच्या पलीकडून सुरू करा, जिथे पार्श्वभूमी आपोआप तुटते.

कॅनव्हासच्या कडेला तो चौरस इंच भरलाच आहे तर तिथेच सगळ्या रंगांचे दहा बाय दहा टाक्यांचे चौकोन एकमेकांना चिकटून भरा. लडीत रंग जितका गडद, दाट दिसतो तितका तो एका पदरात दिसत नाही. नुसत्या लड्या शेजारी ठेवून केलेला अंदाज इथे दुरुस्त होतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि कड पुढे शिलाईत जातेच.

उसवायचंच ठरलं तर

थांबा, आधी एक मधला मार्ग. एखादा भाग थोडासाच उजळ करायचा असेल तर तयार टाक्यांवरूनच उजळ दोऱ्याचा एक पदर त्याच तिरप्या दिशेने घाला. पाकळीच्या टोकाला किंवा पक्ष्याच्या गळ्याला एवढं पुरतं. मोठ्या भागावर मात्र नको, काम जाड आणि खडबडीत होतं.

उसवताना बारीक टोकाची कात्री घ्या, तीन-चार टाके कापा आणि चिमट्याने तुकडे ओढा. लांब दोरा अख्खा मागे ओढत नेला तर शेजारचे टाके सैल होतात. निघालेला दोरा पुन्हा वापरू नका, तो जाळीतून जाऊन येऊन झिजलेला असतो आणि नव्याशेजारी लगेच निस्तेज कळतो. गडद दोऱ्याचा भुसा भोकांत अडकतो. चिकटपट्टी हलकेच दाबून तो उचला, नाहीतर नव्या उजळ टाक्यांतून तो बाहेर येतो आणि परत तीच तक्रार: रंग मळकट दिसतोय.

नवा दोरा घालण्याआधी तो ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून बघा, विशेषतः लाल, काळा, गडद निळा. काम शेवटी ओलं करून ताणायचं असतं, तेव्हा रंग सुटला तर काही हातात राहत नाही. सुती दोऱ्याचा सुटणारा रंग मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने पक्का होत नाही. थंड पाण्यात लडी खळबळत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नाहीच आलं, तर ती लडी राखीच्या गोंड्याला ठेवा, या कामाला नको.

आणि कात्रीने कॅनव्हासचाच धागा कापला गेला तर घाबरू नका. त्याच काउंटच्या कॅनव्हासचा इंचभर तुकडा मागून लावा, भोकावर भोक जुळवा, साध्या दोऱ्याने कडेला दोन टाके घालून धरून ठेवा आणि दोन्ही थरांतून एकत्रच भरा. पुढून शोधूनही सापडत नाही.